तिसरी डिस्क ठणठणीत

तिसरी डिस्क त्याच संध्याकाळी काढून टाकण्यात आली. पण ते काही झालंच नाही असं धरून चालू. कारण दुपारी भाची रेकॉर्डिंग स्टुडिओच्या सर्व्हरपुढे उकिडवी बसली होती, आणि चार डिस्कांपैकी नाठाळ कोणती हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. डिस्कांवर देखरेख ठेवणारं यंत्र, म्हणजे कंट्रोलर, सकाळपासून एवढीच कागाळी करत होता की चौघींपैकी एक वेळेवर उत्तर देत नाही. नाव घ्यायला तो तयार नव्हता. चुकीची उपसली तर स्टुडिओतली सगळी गाणी गेली.

"मामा, मी एकेकीला कामाला लावते."

"लाव. कोण बिघडलीय ते मी कानाने सांगतो."

यात फुशारकी नव्हती. स्टुडिओ मामाच्या कानांवर चालायचा. गायकाने सकाळी काय खाल्लं ते तो आवाजावरून ओळखे, आणि गायक नंतर गुपचूप कबूल करत.

सगळ्यात वरची डिस्क सुरू झाली. मामाने वाकून कान लावला.

"उत्तम."

दुसरी.

"ही तर आपल्या सगळ्यांना पोचवून येईल."

तिसरी सुरू होताच पाल चुकचुकावी तसा आवाज खोलीभर होऊ लागला. दारात झोपलेली मांजर उठून बसली. मामा डोळे मिटून डिस्कला कान चिकटवून होता.

"ठणठणीत," तो म्हणाला. "म्हणजे चौथी. ऐक, कशी कण्हतेय."

चौथी तिने अजून सुरूच केली नव्हती.

हल्ली मामा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. तिला वाटलं होतं, वय झालं की माणूस मायाळू होतो.

"मामा," ती त्याच्या पाठीमागून म्हणाली, "कधीपासून?"

मामा चौथ्या डिस्ककडे बघत मान डोलवत राहिला.

ती उठून त्याच्यासमोर येऊन बसली.

"चौथीच," ती ओठ नीट हलवत म्हणाली.

"मग? कान आहेत का गंमत."

स्टुडिओच्या मालकांनी बिघाडाचा अहवाल मागितला होता. मामा चहा सांगायला गेला तेवढ्यात तिने तो लिहून टाकला:

'दोष तिसऱ्या डिस्कमध्ये आहे. ती पहिल्या हाकेला उत्तर देत नाही; मात्र तिच्यापाशी सर्व काही शाबूत आहे. सबब तिला काढू नये. तिच्यासमोर बसून सावकाश विचारावे, व उत्तर येईपर्यंत कंट्रोलरने जरा थांबावे, ही नम्र विनंती.'