गरिबांची चेष्टा

हृषीकेशचं पत्र दिवाळीच्या सुमारास आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र साधं होतं. "आदरणीय सर, आमच्या नव्या भट्टीबद्दल आपण जे बोललात ते मला फार आवडले. ते आम्ही पर्च्यावर छापू इच्छितो. हरकत असल्यास कळवावे." खाली सही आणि दुकानाचा शिक्का.

मी काय बोललो होतो ते मला चांगलं आठवत होतं. हृषीकेश माझा जुना विद्यार्थी. इंदूरच्या सियागंज बाजारात त्याने दुकान काढलं तेव्हा उद्घाटनाला त्याने मला आग्रहाने नेलं. दुकानात एकच माल होता: पत्र्याचं उभं पिंप, वर गोळ्यांचा डबा, खाली विजेचा छोटा पंखा. सोयाबीनच्या फोलाच्या दाबून केलेल्या गोळ्या डब्यातून आपोआप खाली पडतात, पंखा त्यांना पेटत ठेवतो आणि पिंपातल्या जाळ्यांवर बाफले, म्हणजे कणकेचे उकडलेले गोळे, भाजतात. कंडे नकोत, म्हणजे गोवऱ्या नकोत, धूर नको. बंद पडलेल्या मिलमधून घरी बसलेल्या लोकांनी हिशेबाचे, म्हणजे नोकरी सुटल्यावर मिळणारे, पैसे यात घालावेत आणि बाफल्यांचा धंदा करावा, असं तो माईकवरून सांगत होता. मी पिंपावर बोटाने वाजवून पाहिलं. पापडासारखा पत्रा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, ही तर गरिबांची चेष्टा आहे!"

मी सहसा असं बोलत नाही. बोललो की आठवडाभर मला झोप येत नाही. पण हृषीकेश हसला आणि माझ्या पाया पडला. मला वाटलं, चारचौघांत तो वेळ मारून नेतो आहे. मग पत्र आलं, तेव्हा वाटलं, पोरगा दुखावला आहे आणि आता मला टोमणा मारतो आहे. मी माफीचे दोन-तीन मसुदे लिहिले. सगळेच मला खोटे वाटले. भट्टी खरंच वाईट असेल तर माफी कशाची? आणि चांगली असेल तर? मला भट्टीतलं काय कळतं? मसुदे फाडले, पत्र शब्दकोशात ठेवलं.

जानेवारीत कांताबाई जाहिरातीचा तो पर्चा घेऊन माझ्या दारात आली.

कांताबाई आमच्याच गल्लीत, परदेशीपुऱ्यात राहते. तिचा नवरा तात्याराव मिलमध्ये सूतकताई खात्यात होता. मिल बंद झाली, त्याचा खोकला तेवढा चालू राहिला. "सर," ती म्हणाली, "तुमचं नाव पाहिलं म्हणून घेतली ही भट्टी. आता बोला, ही गरम का होत नाही?"

पर्च्यावर माझा फोटो नव्हता, ही एवढीच कृपा. बाकी मोठ्या अक्षरांत होतं: "ग़रीबों के लिए एक चेष्टा — ठोसर सर, सेवानिवृत्त शिक्षक."

मी तिथेच पायरीवर बसलो. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. दरवर्षी, दर वर्गात, याच शब्दाचं उदाहरण देऊन मी इंदूरच्या मुलांना सांगत आलो की बाळांनो, दोन्ही भाषा एकाच लिपीत राहतात म्हणून एकाच घरातल्या समजू नका. हृषीकेश तेव्हा दुसऱ्या बाकावर बसायचा. टोमणा बिमणा काही नव्हता. त्या गाढवाला मी त्याचं कौतुक केलंय असं वाटलं होतं.

"सर, तब्येत बरी आहे ना?" कांताबाईने विचारलं.

"भट्टी कधी लागणार आहे तुला?"

"उद्या सकाळी. पिथमपूरच्या एका कारखान्याचं कॅन्टीन आहे. उद्याचं जेवण पसंत पडलं तर रोजचं काम माझं. नाही पडलं तर महूचा कोणी आहे, त्याला देणार."

मी म्हटलं, मी येतो. का म्हटलं, मला माहीत नाही. मला चहाही धड करता येत नाही.

सकाळी एवढी थंडी होती की नळाची धार हाताला चावत होती. कांताबाईच्या अंगणात उकडलेले बाफले परातींत मांडून ठेवलेले, आणि मध्ये ते पिंप. पिंपाच्या पोटावर तापमानाचा काटा होता. काट्याने हिरव्या पट्ट्यापर्यंत जायचं, मग बाफले आत. काटा अर्ध्यावर येऊन आजारी माणसासारखा थरथरत होता.

"व्होल्टेजच नाही," तात्याराव म्हणाला. "सगळी वस्ती बादलीत रॉड टाकून पाणी तापवतेय. पंखा कुठून फिरेल?"

गोळ्या रात्रभर उघड्या पोत्यात होत्या. दवाने नरम झाल्या होत्या. कांताबाईने त्या तव्यावर भाजून कोरड्या केल्या. काटा थोडा सरकला. मग गल्लीच्या तोंडाकडून वारा आला आणि काटा परत उतरला. तात्यारावने पिंपाभोवती जुने पत्रे उभे केले. मी माझं घोंगडं आणून पिंपाला गुंडाळायला गेलो.

"सर, पेटेल ना ते!" कांताबाई ओरडली. "माती लिंपा, माती!"

आम्ही तिघांनी चिखल कालवला आणि त्या तकलादू पत्र्याला हाताने लिंपला. माझ्या बोटांना जाणीव उरली नव्हती. चिखल आधी वाफाळला, मग त्याला तडे गेले, आणि काटा हळूहळू चढला. हिरव्या पट्ट्याच्या कडेला टेकला. कांताबाईने बाफले आत सरकवले. झाकण उघडताक्षणी सगळी ऊब बाहेर आली, आमच्या तोंडावर. काटा धाडकन खाली.

"ही भट्टी नाही," तात्याराव खोकत म्हणाला, "ही मिलची मॅनेजमेंट आहे. गोळ्या खाते, हवा खाते, अन् काम काही नाही."

कांताबाई हसली नाही. तिने शेजारून कंडे मागून आणले आणि कोपऱ्यात पेटवले. पण कंड्यांचा निखारा व्हायला वेळ लागतो आणि टेम्पोवाला गल्लीत येऊन हॉर्न वाजवत होता. थोडे बाफले कंड्यांवर लाल झाले. बाकीचे भट्टीतलेच गेले, फिकट, वरून ओलसर. तुपात बुडवले तर तूप आत शिरेना, वरच तरंगत राहिलं.

मी टेम्पोतून बरोबर गेलो. माझी तिथे काही गरज नव्हती. कॅन्टीनचा मॅनेजर तरुण होता, गळ्यात मफलर. त्याने ताटातून नेमका भट्टीतला बाफला उचलून फोडला. आत चिकट गोळा.

"अम्मा, ये तो कच्चा है."

"साहेब, ठंड के मारे... हा दुसरा बघा, कंड्यावरचा. हा बघा ना."

त्याने दुसरा पाहिला नाही. "रोज ठंड नहीं होगी क्या?" म्हणाला, आणि हात धुवायला निघून गेला. कांताबाई तो फोडलेला बाफला हातात धरून उभी राहिली. परत येताना टेम्पोत तिने तो पदरात बांधून घेतला. मग म्हणाली, "सर, तुम्ही तरी भट्टी चालवून बघायची होती, मग तारीफ करायची."

मी तारीफ केली नव्हती, हे मी तिला सांगितलं. शब्दाचा सगळा घोटाळा सांगितला. टेम्पोच्या आवाजात मला ओरडून व्याकरण शिकवावं लागत होतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग जाऊन सांगा ना त्याला. मला कशाला सांगता?"

मी तसाच चिखलाच्या हातांनी सियागंजात उतरलो. वाटभर वाक्यं जुळवली होती. दुकानात शिरलो आणि एकही आठवेना.

"सर! या, या. अरे भिया, सरांना चाय बोल." हृषीकेश नोकराला हाक मारत उठून उभा राहिला. "हाथ को क्या हुआ?"

"हृषीकेश, तुझी भट्टी थंडीत तापत नाही."

"थंडीत थोडा टाइम लेती आहे, सर. आणि बायका झाकण उघडून उघडून बघतात. त्याला मी काय करू?"

"झाकण न उघडता बाफले आत जातात का?"

तो हसला. मला वाटतं, त्या हसण्यानेच काहीतरी झालं. मी पर्चा टेबलावर आपटला. "मी चेष्टा म्हणालो होतो. चेष्टा!"

"हो सर! चेष्टाच तर केली ना आम्ही गरिबांसाठी!"

"मराठीत, हृषीकेश! मराठीत चेष्टा म्हणजे काय? थट्टा! खिल्ली! तू गरिबांची खिल्ली उडवतो आहेस, असं मी म्हणालो होतो!"

दुकानातला नोकर चहा घेऊन दारातच थांबला. हृषीकेशचा चेहरा क्षणभर दुसऱ्या बाकावरचा झाला. मग पुन्हा दुकानदाराचा.

"सर, आता कसं करू? पर्चे छपून आलेत. परवा मिलच्या गेटवर हिशेबाचे पैसे वाटायचं शिबिर आहे, तिथे वाटायचेत. आणि मी तर तुम्हाला चिट्ठी लिहून विचारलं होतं. तुमचा जवाब आला नाही. लिखितमध्ये तर काही नाही ना, सर."

"माझं नाव काढ. आणि कांताबाईची भट्टी परत घे."

"लिखितमध्ये द्या, बघतो," तो म्हणाला, अगदी नम्रपणे, आणि चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मी त्याला शिकवलेली नम्रता.

चहा न पिता मी बाहेर पडलो. मला राग आला आहे, हे रस्ता ओलांडताना कळलं, आणि त्याचंच मला आश्चर्य वाटलं.

दुपारी कांताबाईच्या अंगणात मी लिहायला बसलो. मी लिफाफा आणला होता. ती म्हणाली, "लिफाफा नको. पोस्टकार्ड लिहा. त्याच्या दुकानाची डाक खालच्या चायवाल्याकडे येते. तिथे सगळं सियागंज वाचतं."

"अजून काही कार्डं आण मग," तात्याराव म्हणाला. "शिबिरात मीही जाणार आहे. तिथे वाटायला."

मी मराठीत सुरुवात केली आणि थांबलो. मराठीत लिहिलं तर तो पुन्हा तेच करील. म्हणून हिंदीत लिहिलं, मोठ्या अक्षरांत, फळ्यावर लिहावं तसं: "मैंने इस भट्टी की तारीफ़ नहीं की। मैंने कहा था कि यह ग़रीबों के साथ मज़ाक है। ठंड में यह गरम नहीं होती, मैंने अपने हाथों से चलाकर देखा है। मेरा नाम हटाओ। कांताबाई की भट्टी वापस लो। ठोसर।" सहीच्या वर नेहमीचं "शुभेच्छुक" लिहायला माझी लेखणी गेली होती. मी ती आवरली.

कांताबाईने कार्ड वाचलं. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी हललं. "सर, आयुष्यभर मराठी शिकवलीत आणि राग यायला हिंदी लागली?"

याचं उत्तर मला संध्याकाळी सुचेल, नेहमीसारखं. पिंपावरचा चिखल वाळून खाली पडत होता. तात्यारावने बाकीची कार्डं माझ्यापुढे ठेवली, मी तेच सगळ्यांवर उतरवलं आणि ती त्याच्याकडे दिली. पहिलं मात्र मी स्वतः नेलं. नाक्यावरच्या टपालपेटीच्या फटीत घातलं, आणि ते आतल्या पत्र्यावर आपटल्याचा आवाज येईपर्यंत थांबलो.