गाळलेली ओळ

लाँड्रीवालीच्या घरात संध्याकाळची प्रभूची प्रार्थना एका ओळीने तोकडी होती. आमच्या अपराधांची क्षमा कर, ही ओळ आली की लाँड्रीवाली ओठ घट्ट मिटायची, आणि ती गप्प असताना तोंड उघडायची छाती कोणाची? मुलगा गप्प, सून गप्प. क्षणभर थांबून सगळे पुढच्या ओळीवर उडी मारायचे.

"पुढे म्हणायचं असतं, जशी आम्ही दुसऱ्यांना केली," ती सुनेला सांगायची. "मी नाही केली. मग देवाच्या तोंडावर खोटं बोलू? अडाणी आहे, लबाड नाही."

क्षमा करायची होती ती धाकट्या जावेला. लाँड्रीवालीच्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा जावेने मुलाकडच्यांचे कान भरले, पोरीला आकडी येते म्हणून. धादांत खोटं. लग्न मोडलं. लेक घर सोडून गेली ती गेलीच. पुढे जाऊ अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली, बोलणंही बोबडं झालं, तेव्हा तिचं सगळं लाँड्रीवालीनेच केलं. चादरी रोज धुतलेल्या, कडक इस्त्रीच्या. पण जावेने हात धरून "जाऊबाई, माफ करा मला" म्हटलं, तेव्हा उत्तर काय, तर "पाणी पी आणि गप पड." त्याच दुपारी जाऊ गेली.

तिला पुरून आले त्या संध्याकाळी सगळे त्या ओळीपाशी थांबले आणि इस्त्रीच्या खोलीतून जावेचा बोबडा आवाज आला, "आमच्या अपराधांची क्षमा कर..." एवढंच. पुढचं अर्धं नाही.

"सासूबाई, ऐकलंत?" सुनेचा चेहरा पांढराफटक.

"बहिरी नाही मी. प्रार्थना कर."

मग रोज तेच. आवाज खोलीतून दारात आला, दारातून लाँड्रीवालीच्या खांद्यापाशी. अर्धी ओळ म्हणायचा आणि वाट बघायचा. मानेवर गार श्वास लागायचा. "जिवंतपणी चिकट, मेल्यावर त्याहून चिकट," ती पुटपुटायची आणि प्रार्थना पुढे रेटायची.

हळूहळू आवाज बसत चालला. नुसतं "क्षमा" उरलं. मग श्वास, तोही खरवडल्यासारखा. एका संध्याकाळी तो इतका क्षीण आला, की लाँड्रीवालीच्या ध्यानात आलं, आज गप्प राहिलं की आपण जिंकलो. ही कायमची जाईल, मागितलेलं न मिळताच.

मुलगा पुढची ओळ उचलणार, तोच ती ओरडली, "थांब रे! कुठे गाडी चुकतेय तुझी?"

लेकीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. राग तसूभरही हलला नव्हता. ती खांद्याकडे वळली.

"ऐक गं, धाकटे. राग काही जात नाही माझा. पण तुझ्यावरचा दावा सोडला. देवापुढे तुझ्याविरुद्ध उभी राहणार नाही."

आणि ती ओळ तिने म्हटली. दोन्ही अर्धी.

मानेवरचा गारवा निघून गेला. आमेन झालं. एवढं रिकामं घर तिने कधी पाहिलं नव्हतं.

"वाढू का?" सुनेने विचारलं.

"वाढ," ती म्हणाली. "पण भांडी वाजवू नकोस जरा वेळ."