बिना मॅडमचा ग्रुप

ललिता मॅडमना राग आला की त्या फळा पुसायच्या, फळ्यावर काही नसलं तरी. त्या शनिवारी चिचगडजवळच्या शाळेत, सातवीच्या वर्गात, फळा तीनदा पुसला गेला.

कारणही तसंच होतं. मॅडमनी मोठ्या हौसेने पालकांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता, ‘आमचं संविधान’. रोज एक हक्क, त्यावर छोटा व्हिडिओ आणि खाली एक प्रश्न. आठ दिवस झाले, चोवीस पोरांपैकी एकाचंही उत्तर नाही. आणि सोमवारी केंद्रप्रमुख नेमका हाच उपक्रम बघायला येणार होते.

“बोलण्याचं स्वातंत्र्य आहे तुम्हाला,” मॅडम कडाडल्या, “आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात! साहेबांना काय दाखवू मी, मुका वर्ग?”

पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मागच्या बाकावरची दामिनी काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात सुटीची घंटा झाली.

दुपारी घरी मॅडम जेवून उठतात तो काय, अंगणात अख्खी सातवी उभी! रांगेत, चिडीचूप. झोपेतही बॅट न सोडणारा मोनू चक्क रिकाम्या हातांनी आला होता. बॅट फाटकाबाहेर टेकवलेली.

“काऊन आले रे सारे?”

“शांततेनं आनि विनाशस्त्र जमलो, मॅडम,” मोनू म्हणाला. “तुमीच त शिकवलं.”

मॅडमनी हसू दाबलं. आईचा फोन छातीशी धरून दामिनी पुढे आली. पोर घाबरली होती, पण मागे हटली नाही.

“मॅडम, ग्रुपात आमाले लिहिताच येत नाही. तुमीच बंद करून ठेवला ना.”

मॅडमनी फोन उघडला. ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात.’ तेव्हा कुठे आठवलं. पहिल्याच दिवशी एका बापाने म्हशीचा फोटो टाकला, ‘विकणे आहे’. दुसऱ्याने गुलाबाची सुप्रभात पाठवली. मॅडमनी चिडून कुलूप लावलं आणि विसरून गेल्या. वर आज वर्गात बोलण्याच्या स्वातंत्र्यावर प्रवचन! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग सांगायचं नाही का गं?”

“आमाले वाटलं, मुद्दाम केलं असान. म्हनून आमी दुसरा ग्रुप बनवला. संघ बनवाचा बी हक्क हाये ना?”

तिने फोन पुढे केला. ‘सातवी, बिना मॅडम.’ आठ दिवसांची उत्तरं, भांडणं, आवाजी निरोप, सगळं तिथे होतं. रुचीने विचारलं होतं, ‘मैदानात पोरीले काऊन खेळू देत नाही?’ त्याखाली मोनू, ‘बॅट माही, मैदान साऱ्याइचं. उद्या या.’

मॅडम वाचत गेल्या आणि आनंदाने त्यांचे डोळे भरून आले.

“मले घेता का या ग्रुपात?”

“मतदान घ्या लागते,” दामिनी गंभीरपणे म्हणाली.

तेवीस हात वर झाले. मोनूचा खालीच राहिला.

“तू काऊन नाही रे?”

“तुमी आल्या का इथंबी कुलूप लावान!”

मॅडम पोट धरून हसल्या.

सोमवारी केंद्रप्रमुख वर्गात आले, तेव्हा मॅडमनी सर्वांत आधी मोनूची ओळख करून दिली.

“साहेब, याने माझ्या विरोधात मत दिलं,” त्या म्हणाल्या. आणि हे सांगताना त्यांची छाती अभिमानाने फुगली होती.