नायिकेचा गळा

तिचा आवाज लहानपणापासूनच दांडगा. थोरला भाऊ तिला ‘भोंगा’ म्हणायचा. तोच भोंगा घेऊन ती परमुलखात आली. दिवसा हॉटेलात भांडी घासली, संध्याकाळी ऑपेराच्या समूहगायनात मागच्या रांगेत उभी राहिली, परकी भाषा चावून चावून गिळली. गळा हेच तिचं माहेर, गळा हेच सासर. या हंगामात ती पहिल्यांदाच नायिका झाली होती; आज दुपारचा प्रयोग होता. शेवटी नवरा नायिकेचा गळा दाबतो आणि ती गात गात मरते. गळा दाबल्यावर कुणी गातं का, असं ऑपेरात विचारायचं नसतं.

रंग लावून ती आरशापुढे बसली होती, तोच भाऊ दार ढकलून आत आला. समुद्र ओलांडून थेट इथं.

“भोंगे, ऊठ. घरी चल.”

“दादा, प्रयोग होऊ दे. बस, पाणी पी.”

“पाणी पाज बापाला! लोक त्याला तोंडावर विचारतात, लेक रोज परक्याच्या मिठीत मरते म्हणे?”

“रोज कुठं? सोमवारी सुट्टी असते.”

हसली, तिथंच चुकली. त्यानं तिचं डोकं आरशावर आपटलं. काच तडकली, कपाळ फुटलं, आणि त्याची बोटं गळ्यात रुतली. “बघतोच, कशी गातेस!”

इतक्यात कपडेवाली गरम इस्त्री घेऊन आली. प्रयोगाआधी गळा दाबायची तालीम एकदा करायचीच, असा तिथला शिरस्ता. तिला वाटलं, हा बदली नट, आणि कपाळावरचं लाल म्हणजे रंग.

“अंगठे सैल ठेवा हो,” ती म्हणाली, “आणि कॉलर चुरगळू नका.” इस्त्री मेजावर ठेवून ती कपाटातून झगा काढायला वळली.

डोळ्यांपुढे काजवे नाचत असतानाच नायिकेनं इस्त्री उचलली आणि त्याच्या मनगटावर दाबली. चर्र झालं. तो ओरडला. तिनं दुसरा घाव जबड्यावर घातला. दात गालिच्यावर पडला. ओरडा ऐकून धावत आलेल्या पडदेवाल्यांनी त्याला फरफटत बाहेर नेलं.

तिनं तोंड उघडलं. नुसती हवा.

“दुसरीला उभं करतो,” दिग्दर्शक म्हणाला. तिनं नकारार्थी मान हलवली आणि रंगमंचावर गेली.

पहिला सूर कापड टरकावं तसा आला. लोक कुजबुजले. वाद्यवृंदाच्या संचालकानं वर पाहिलं, डावा तळवा हळूहळू खाली केला. तुताऱ्या थांबल्या, मग बासऱ्या. उरली एका व्हायोलिनची बारीक तार. वरच्या पट्टीत जमेना, तेव्हा तिनं तीच ओळ खालच्या सप्तकात धरली आणि गात राहिली. घशातून तोंडात येणारं रक्त गिळायचं ते दोन ओळींमधल्या श्वासात.