सासूबाईंच्या मांडीवरचा डबा

जावईबापू फ्रिज दुरुस्त करायचे, त्यामुळे गार ठेवलं की काहीही टिकतं यावर त्यांची गाढ श्रद्धा. सासूबाईंचा राग तेवढा अपवाद. तो बाराही महिने बाहेरच ताजा राही. जावयाने पूर्व म्हटलं की त्या पश्चिम म्हणत.

थोरल्या नातीला सगळे मिरची म्हणत. तिचं रक्त जन्मापासून कामचुकार, दर महिन्याला दुसऱ्याचं चढवावं लागे. तिच्या आईच्या पोटातल्या बाळाशी तिचं जुळतं असं तपासणीत निघालं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाच्या नाळेतलं रक्त जपून ठेवू. त्यातून हिला पुढे चांगलं रक्त बनवता येईल. पण ते मिळणार एकदाच."

बाळ आलं, रडलं. नाळेतलं रक्त पिशवीत उतरलं आणि पिशवी डब्यात गेली. प्रयोगशाळेचा माणूस वाटेत अडकला होता. तोवर नर्सने डबा बाकावर बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. जावईबापूंना कुठला धीर! ते पळत जाऊन कँटीनमधून पिशवीभर बर्फ घेऊन आले.

"आई, डबा उघडा. बर्फ भरतो, नाहीतर नासेल."

"नासायला ते दूध आहे का? आत्ताच पोटातून आलंय, ऊब हवी त्याला."

"तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही. पण डबा मिळायचा नाही."

त्यांनी ओढला, सासूबाईंनी कवटाळला. भर कॉरिडॉरमध्ये ही झटापट चालू असतानाच प्रयोगशाळेचा माणूस आला. बर्फ बघून त्याचा चेहरा उतरला.

"आत घातला की काय?"

"मी असताना? छट्!" सासूबाई म्हणाल्या.

"वाचलो! आम्हीही गोठवतो, पण औषध घालून, हळूहळू. नुसत्या बर्फाला टेकून गोठलं असतं, तर फेकूनच द्यावं लागलं असतं." तो डबा घेऊन गेलासुद्धा.

जावईबापू मटकन खाली बसले. "मिरचीची होती नव्हती ती आशा मी बर्फात घालणार होतो," म्हणत लहान मुलासारखे रडू लागले. "आई, तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठलं कळतंय? तुम्ही 'उघडा' म्हणालात, म्हणून मी 'नाही' म्हटलं." मग सासूबाईंनी बर्फाची गळकी पिशवी उचलून जावयाच्या हातात दिली. "आणलाच आहे, तर लावा डोळ्यांना. सुजलेत."

जावईबापूंनी मुकाट्याने बर्फ डोळ्यांना लावला.