पाटीच्या सावलीतला फ्रिज

विषय : आरोग्य केंद्राच्या छतावरील पाटी दोन हात बाजूला घेणेबाबत.
संदर्भ : सिस्टरांचा अर्ज व तीन स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयी मी स्वतःच बोलतोय. मी लसींचा फ्रिज.

माझा जन्म परदेशातला. गरीब देशांनी धूर न करता पुढे जावं, या सदिच्छेने तिकडच्या चार संस्थांनी मला इकडे धाडलं. मी उन्हावर चालतो. इथल्या डिझेलच्या जनरेटरला मी घरी बसवणार, असं ठरलं होतं.

छतावर माझे पॅनेल बसले. मागोमाग देणगीदारांची पाटी आली. करारानुसार ती रस्त्यावरून दिसायला हवी, म्हणून पॅनेलच्या पुढ्यातच ठोकली. पाटी चांगली दारापेक्षा मोठी. दहा वाजता तिची सावली पॅनेलवर बसते, ती उन्हं कलेपर्यंत उठत नाही.

दुपारी मला घाम फुटतो. मग सिस्टर शिपाईमामांना हाक मारतात, "मामा, तुमच्या म्हाताऱ्याला उठवा!" जनरेटर खोकत, काळा धूर ओकत उठतो आणि मला थंड ठेवतो. अहवालात मात्र धूर कमी झाल्याची नोंद आहे.

"मामा, तुम्हीच ती पाटी जरा सरकवा ना."

"नोकरी जाईल माझी, सिस्टर. पाटीची जागा करारातल्या नकाशात आहे."

"आणि आतल्या बाळांच्या लसी? त्या नाहीत करारात?"

"आहेत की. बारीक अक्षरांत."

तपासणीला साहेब आले. माझं तापमान पाहून खूश झाले. "उत्तम आहे! मग तक्रार कसली?"

"जनरेटर चालू आहे म्हणून उत्तम आहे, साहेब!" सिस्टर ओरडून म्हणाल्या.

"काय म्हणालात?" जनरेटरच्या आवाजात त्यांना काही ऐकू आलं नाही.

सिस्टर हट्टाच्या. एके दिवशी त्यांनी लसी बर्फाच्या डब्यात हलवल्या, जनरेटर बंद ठेवला आणि तासातासाला माझं तापमान लिहिलं. आठ अंशांच्या वर जायची मला मनाई. तीन वाजता मी चौदावर होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तो कागद त्यांनी अर्जाला जोडला.

उत्तर आलं : पाटी हलवण्यास हरकत नाही, चारही संस्थांची लेखी संमती जोडावी.

तीन संमत्या आल्या. चौथी संस्था गेल्या वर्षीच बंद पडली. सावली मात्र तिच्याही नावाची पडते.

गुरुवारी लसीकरण आहे. पस्तीस बाळं येणार आहेत. मामांनी डिझेल भरून ठेवलं आहे.

अर्ज विचाराधीन आहे.