दगडी फणीतली शेवटची फट

सहारा वाळवंटातल्या तिमिमून गावात कुणी थापा मारल्या तर लोक हसून सोडून देतात, पण पाणी मोजणाऱ्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाहम्मू चाळीस वर्षं पाणी मोजत होता. तो एकदाही खोटं बोलला नव्हता, पण एकदा चुकला होता.

वाळूखालच्या भुयारातून आलेलं पाणी गावात दगडी फणीतून, म्हणजे फटी पाडलेल्या आडव्या दगडातून, वाटलं जातं. ज्याची फट जेवढी रुंद, तेवढं पाणी त्याच्या खजुरांना. आज सकाळी त्याने लहानमोठ्या भोकांची तांब्याची पट्टी प्रवाहात धरली, चिखलाने एकेक भोक बुजवत मोजलं आणि तसाच बसून राहिला. पाणी पुन्हा घटलं होतं. रिवाजाप्रमाणे सगळ्यांचे वाटे सारखे कापायचे. सगळ्यात लहान वाटा त्याच्या विधवा बहिणीचा, एंबार्काचा. कापल्यावर तो पट्टीतल्या सगळ्यात लहान भोकाइतकाही उरत नव्हता. म्हणजे फट बुजवायची आणि तिची अकरा झाडं मरू द्यायची.

"गप्प का झालास?" एंबार्काने काठावरून विचारलं. "पाण्याबरोबर जीभही आटली का?"

"ताई, माझ्या फटीतलं घे."

"आणि तुझी नातवंडं काय वाळू चाटतील? माझ्यामागे कोण आहे रडायला?"

बारा वर्षांपूर्वी गावाबाहेर बड्या बागायतदारांनी खोल बोअर पाडल्या, तेव्हा चिडलेलं गाव बाहम्मूकडे आलं होतं. त्याने सहा महिने मोजलं. थेंबाचाही फरक नव्हता. "आपल्या पाण्याला धक्का नाही," असं त्याने मशिदीच्या दारात सांगितलं आणि भांडायला निघालेली माणसं घरी परतली. पाणी वाळूखालून वर्षानुवर्षं चालत येतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो मोजत होता ते बोअर पडण्याआधीच निघालेलं जुनं पाणी होतं. पुढे पाणी घटायला लागलं, तेव्हापासून आपणच गाव मारलं हे त्याला आतून खात होतं.

एंबार्काने त्याच्या हातातला चिखल घेतला. "माझी फट आहे, मीच बुजवते." मग खाली बघतच ती म्हणाली, "त्या दिवशी मशिदीच्या दारात मला वाटलं होतं, तू घाई करतोयस."

"मग बोलली का नाहीस?"

"माझा भाऊ मोजत होता ना."

तिने अंगठ्याने चिखल दाबून बसवला. बाहम्मूने सवयीने शेजारच्या फटीत पट्टी धरली. एंबार्काचं पाणी येऊन मिळालं तरी पट्टीवर काहीच वाढलं नव्हतं.